कंदीलवाल्याची राखाडी पट्टी

मित्रांनो, मला उचलाल तेव्हा जरा जपून उचला. मी एक जुनी लोकरी शाल आहे आणि माझ्या एका टोकाला विणायची सुई अजून तशीच आहे. माझे शेवटचे टाके कोणी बंद केलेले नाहीत. घरी पाहुणे आले की मला पाहून म्हणतात, "अगंबाई, ही अर्धवटच राहिली की!" मला त्याचा राग येतो. अर्धवट राहणे वेगळे आणि कोणाची वाट पाहत थांबणे वेगळे, हे त्यांना कोण सांगणार?

मी राहते विदिनला, बल्गेरियाच्या पार वरच्या टोकाला, डॅन्यूबच्या काठी. स्नेझिनाच्या घरात खिडकीपाशी एक खुर्ची आहे, तिच्या पाठीवर माझा मुक्काम असतो. उन्हाने माझी निळी बाजू फिकी पडली आहे आणि एका कोपऱ्यात कसरीने तोंड घातले आहे. पण माझा जन्म या घरातला नाही. खरे तर तो कोणत्याही एका घरातला नाही.

चार माणसे होती. गावे चार, घरे चार, आणि एकमेकांचे तोंड कोणी पाहिलेले नव्हते. त्यांना बांधणारी गोष्ट एकच, 'मीठवाट' नावाची एक लांबलचक कादंबरी. मिठाची पोती घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या माणसांची ती कथा. तिचे भागामागून भाग निघत गेले आणि ही चौघे तिच्या पार आहारी गेली. दर रविवारी दुपारी ती आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसत, माइक चालू करत आणि पाळीपाळीने एक प्रकरण मोठ्याने वाचत. वाचून झाले की गप्पा. कोणी पुढची कथा स्वतःच रचून आणी, कोणी चित्र काढून दाखवी.

मीठवाटेवरच्या माणसांचा एक नियम होता. वाटेवर कोणी कोणाचे खरे नाव विचारायचे नाही. ज्याने त्याने वाटेपुरते एक नाव घ्यायचे. या चौघांनीही तो नियम उचलला. शुमेनची नेवेना झाली 'नववी खिडकी'. प्लेवेनची बिल्याना, दोन लहान मुलांची सदा घाईत असलेली आई, ती 'उलटी होडी'. विदिनला राहून सुंदर चित्रे काढणारी ती 'मीठमांजर'. आणि चौथा बुर्गासचा, समुद्रकाठचा, खोकत खोकत वाचणारा एक म्हातारा. तो 'कंदीलवाला'. त्याने तर पुढेही आपला चेहरा कधी दाखवला नाही. म्हणायचा, "माझ्या तोंडात पाहण्यासारखं काही नाही, पोरींनो. आवाज घ्या आणि गप्प बसा."

एका रविवारी मीठमांजर आली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिचे चित्र नाही, निरोप नाही. मग ही तिघे घाबरली. मीठवाटेवर अशी रीत होती की कोणी संकटात सापडला तर सोबत्यांनी त्याच्यासाठी एक शाल विणायची. प्रत्येकाने आपल्या रंगाची एक पट्टी घालायची आणि शेवटची पट्टी ज्याची शाल त्याने स्वतः विणायची. तोवर टाके सुईवरच ठेवायचे. मित्रांनो, माझा जन्म असा झाला.

नेवेनाने मला सुरुवात केली. तिचा हात नेटका, तिची निळी पट्टी आजही सरळ आहे. मग तिने मला प्लेवेनच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या हाती दिले. आमच्याकडे पार्सल असेच जाते. बस लागली की समोरच्याने यायचे, ड्रायव्हरला खूण सांगायची आणि पिशवी घ्यायची. बिल्यानाने मुलांना भरवता भरवता नारिंगी पट्टी विणली. ती सैल आहे, दोन ठिकाणी टाका सुटला आहे आणि सुरुवातीला तिच्यात बिस्किटांचा चुराही होता. तिथून मी बुर्गासला गेले.

कंदीलवाला बस अड्ड्यावर चालत आला. डोक्यावर खलाशाची काळी टोपी, एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली, मिशी एका बाजूला जास्त कापलेली. ड्रायव्हरने विचारले, "कोणाची पिशवी?" तो म्हणाला, "कंदीलवाल्याची." ड्रायव्हर हसला आणि पिशवी देऊन मोकळा झाला.

त्याच्या खोलीत मी बरेच आठवडे राहिले. तळलेल्या बारीक मासळीचा वास, भिंतीवर जहाजावरचे घड्याळ, दर तासाला त्याची टण्ण घंटा. त्याला विणता येत नव्हते. तो शिकला. विणायचा, उसवायचा, मला शिव्या घालायचा, पुन्हा विणायचा. त्याचे टाके इतके घट्ट की सुई आत शिरायची नाही. दिवसभर तो माझ्याशीच बोले, कारण बोलायला दुसरे कोणी नव्हते. त्याची राखाडी पट्टी माझ्या अंगावरची सगळ्यात मजबूत पट्टी आहे. मला तो फार आवडला, हे मी आज उघड सांगते.

पुढे मी पुन्हा नेवेनाकडे आले आणि आता मला विदिनला पाठवायचे होते. बसने पाठवून उपयोग नव्हता. जी बोलतच नाही ती अड्ड्यावर कशी येणार? पत्ता मात्र नेवेनाने शोधला. मीठमांजरीने एकदा बर्फ पडल्यावर आपल्या इमारतीच्या दाराचा फोटो टाकला होता आणि दारावर रस्त्याचे नाव आणि इमारतीचा आकडा स्वच्छ दिसत होता. मग या शहाण्या लोकांनी काय केले? पार्सलावर पत्ता लिहिला आणि वर नाव घातले, मीठमांजर.

विदिनच्या पोस्टमनने सगळ्या पत्रपेट्या पाहिल्या. त्या नावाची पेटी कुठली असायला! शेवटी त्याने पार्सल आल्याची चिठ्ठी इमारतीच्या दारावर चिकटवली. तिथे आधीच एक कागद होता. आमच्याकडे माणूस गेले की त्याचा फोटो आणि नाव छापून तो कागद घराच्या दारावर लावतात आणि ऊन-पावसात फाटेपर्यंत काढत नाहीत. तो कागद एका म्हातारीचा होता. मीठमांजरीच्या आईचा. म्हणून ती त्या दारातून जाता-येता मान खाली घालत असे. आईकडे पाहणे तिला सोसत नव्हते. चिठ्ठी तिला दिसलीच नाही.

मी पोस्टात फळीवर पडून राहिले. शेजारी लोणच्याच्या बरण्यांचे एक खोके होते, त्यालाही न्यायला कोणी आले. खिडकीवरची बाई पोस्टमनला म्हणाली, "मीठमांजर! माझ्या भाच्याने एकदा कुत्र्याच्या नावाने पार्सल मागवलं होतं. पण निदान ते कुत्रं घ्यायला तरी आलं."

"परत पाठवा झालं," पोस्टमन म्हणाला.

मित्रांनो, जिच्यासाठी आपण जन्मलो तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर पडून राहायचे आणि तिला पत्ता नाही, हा एकटेपणा फार वाईट. मी शुमेनला परत गेले. त्या रविवारी मोठीच खडाजंगी झाली.

"तिच्या किटलीची शिट्टी आपल्याला माहीत आहे," बिल्याना म्हणाली, "ती पावाला काय लावून खाते ते माहीत आहे, तिच्याकडचा नळ कुठल्या वेळी खडखडतो ते माहीत आहे. आणि नाव? धन्य आहे आपली."

"वाटेवर नाव विचारायचं नसतं," कंदीलवाला म्हणाला.

"अहो काका, वाटेवर नसेल विचारत. पोस्टात विचारतात!"

शेवटी नेवेनाने मला पिशवीत घातले आणि रखडणाऱ्या गाडीने ती विदिनला आली. इमारतीच्या दाराशी ती थबकली. त्या कागदावरच्या म्हातारीचा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पुढे आलेली हनुवटी, तिच्यावर तीळ, आणि पोटात हसू दाबल्यासारखे ओठ. 'मीठवाट' कादंबरीत एक होडी वल्हवणारी म्हातारी आहे आणि मीठमांजर वर्षानुवर्षे तिची चित्रे काढत आली होती. दर वेळी हाच चेहरा. नेवेनाने खाली छापलेले नाव वाचले, 'त्रेंदाफिला', पुढे आडनाव. त्याखाली 'दुःखी कन्या'. तिने आडनावावरून घंटी शोधली आणि वर गेली.

"कोण आहे?" दाराआडून आवाज आला.

"पार्सल आहे."

"मी काही मागवलेलं नाही."

"ठाऊक आहे. मी नववी खिडकी."

मग कडी निघाली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती, काळ्या कपड्यांत, केस न विंचरलेले.

"तू एवढी उंच असशील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "आवाजावरून बुटकी वाटतेस."

"आणि तू आवाजावरून जेवणारी वाटतेस. काय ही दशा! आत घेणार आहेस की इथंच मोजमाप करायचं?"

तिने पायात घालायला सपाता दिल्या, लिंडनच्या फुलांचा चहा केला आणि आईच्या नावाने उकडलेले गोड गहू वाटीत दिले. नेवेनाने "देव त्यांना क्षमा करो" म्हणून ते खाल्ले.

"सांगायचं होतं गं," ती म्हणाली. "रविवारी माइकसमोर बसायची. पण नुसतं 'आई गेली' कसं सांगू? तुम्ही विचाराल, नाव काय होतं. तिचं नाव घेतलं की रडू येतं. स्नेझिना म्हणून मला हाक मारणारं आता कोणी नाही."

"मी मारीन की," नेवेना म्हणाली. "स्नेझिना, चहात साखर घाल."

मग ती रडली, आणि मी प्रथमच तिच्या खांद्यावर गेले.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. रविवार पुन्हा भरू लागला, आता कॅमेरे लावून; कंदीलवाल्याचा तेवढा बंद. बिल्याना मला पडद्यावर पाहून म्हणायची, "माझी पट्टी सगळ्यात गबाळी, पण रंग बघा!" स्नेझिना आपली पांढरी पट्टी हळूहळू विणत असे, वाचता वाचता एखादी ओळ. सगळ्यांनी एकमेकींची खरी नावे घेतली. कंदीलवाल्यालाही विचारले.

"माझं नाव?" तो खोकत हसला. "ते ऐकून इतकी वर्षं झाली की आता कोणी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही. कंदीलवालाच बरा."

त्या हसल्या, आणि विषय तिथेच राहिला. मला मात्र तेव्हाच चुकचुकल्यासारखे झाले होते. मी त्याच्या घरी राहिले होते. पण त्याचे नाव मलाही माहीत नाही. एकट्या माणसाला त्याच्या घरात नावाने कोण हाक मारणार?

मग एक रविवार असा आला की त्याच्या घड्याळाची टण्ण ऐकू आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. नेवेनाने बसच्या ड्रायव्हरला गाठले. तो म्हणाला, "काळी टोपी होती आणि चालत आला होता, एवढं आठवतं. बाई, पिशवी घेणाऱ्याचं नाव कोण विचारतं?"

नेवेना आणि स्नेझिना मला घेऊन बुर्गासला गेल्या. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता, म्हणून स्नेझिनाने मला अंगावर घेतले होते. म्हातारा पार्सल घ्यायला चालत आला होता, तेव्हा घर बस अड्ड्याजवळच असणार, एवढाच माग. त्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरल्या, दुकानांत विचारले, दारांवरचे कागद पाहिले. पण चेहरा पाहिलेलाच नाही, तर ओळखायचा कसा? प्रत्येक म्हाताऱ्यापाशी त्या थांबायच्या आणि पुढे जायच्या.

एका दाराशी तळलेल्या मासळीचा वास आला. दारावर कागद होता. काळी टोपी, एक भुवई वर चढलेली, मिशी एका बाजूला जास्त कापलेली. खाली मुलाची, मुलीची ओळ असते ती जागा कोरीच होती. शेजाऱ्यांनी लावलेला असावा.

मी ओळखले, मित्रांनो. माझ्या साऱ्या टाक्यांनी ओळखले.

"टोपी घातलेली माणसं काय इथं गल्लोगल्ली," नेवेना म्हणाली. "चेहरा चांगला आहे मात्र. असेल कोणाचा तरी कोणी."

"चल," स्नेझिना म्हणाली आणि वळली. तेवढ्यात वाऱ्याने मी उडाले आणि दाराच्या खिळ्यात अडकले, नेमक्या राखाडी पट्टीत. तो घट्ट टाका ओढला गेला, पण तुटला नाही. मी सगळा जीव एकवटून तो खिळा धरून ठेवला.

"काय गं, कुठे अडकलीस?" स्नेझिना म्हणाली.

"ओढू नकोस, सावकाश सोडव," नेवेना म्हणाली. "कंदीलवाल्याची पट्टी आहे ती."

तिने बोटाने अलगद धागा सोडवला, माझ्यावरून हात फिरवला आणि त्या दोघी पुढे निघून गेल्या.

घरी आल्यावर स्नेझिनाने सुई बाजूला ठेवली. "तो आला की शेवटचा टाका घालू," ती म्हणाली. तेव्हापासून मी खुर्चीवर आहे. बिल्यानाची मुले मोठी झाली, ती आता क्वचित येते. त्या दोघी अजून रविवारी वाचतात, आणि वाचण्याआधी क्षणभर गप्प बसतात. खोकला ऐकू येतो का म्हणून. त्या वेळी माझ्या राखाडी पट्टीतला तो ओढलेला धागा बाहेर लोंबत असतो, आणि काय झाले ते मला कोणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, उन्हात फार ठेवू नका, हे तर आहेच. पण माझे मागणे वेगळे आहे. खेळातली नावे खुशाल घ्या, ती फार गोड असतात. फक्त तुमच्या सोबत्याने हसून टाळले तरी त्याला पुन्हा एकदा नाव विचारा. त्या दारावरच्या कागदावर त्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी त्याच्यासमोर कितीतरी वेळ अडकून होते. पण मी शाल आहे, मला वाचता येत नाही.