एकाच ओळीचा देव

चैत्रात महिपत सुर्व्याच्या घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. संगमेश्वरच्या बाजारातून, देवरुखच्या वाटेवरच्या वाड्यांतून माणसं येऊन मांडवाखाली बसली होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या काखेत कोंबडी. एका म्हातारीने तर सुक्या बांगड्यांची जुडी आणली होती. समोर पडवीत, टेबलावर, भगव्या शालीत गुंडाळलेला देव होता. दिवेलागणीला शाल निघाली, काळ्या काचेत हिरवी अक्षरं उजळली आणि खळ्यातले सगळे हात आपसूक जोडले गेले.

साल अठ्ठ्याऐंशी. त्या गावाने कंप्युटर हा शब्द ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. ती आणली यंत्रानंद महाराजांनी. हिमालयात एका गुहेत मिळाली, असं ते सांगत. गुहेत विजेची सोय कशी होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

“कलियुगात देव दगडात बसत नाही,” महाराज डोळे मिटून सांगत होते. “तिथं त्याला आता करमत नाही. तो काचेत बसतो, विजेवर चालतो. तेहतीस कोटींची माहिती ह्या पेटीत भरलीय. त्यात तुमचं-आमचं भविष्य काय अवघड?”

मग एकेकाला पुढे बोलावणं येई. महाराज त्याचं नाव एका बोटाने टाइप करत आणि मोठं बटण दाबत. पेटीच्या पोटात लाल दिवा लागे, घर्रर्र आवाज होई. “देव घसा खाकरतोय,” महिपत गर्दीला समजावून सांगे. काचेवर इंग्रजीची एक ओळ उमटे आणि महाराज तिचा अर्थ सांगत. कुणाची म्हैस पूर्वेला गेली होती, कुणाच्या विहिरीला भावकीची नजर लागली होती. शेवटी मनगटाला गंडा बांधला जाई. हा गंडा म्हणजे कंप्युटरच्या कागदाची फाडलेली, भोकाभोकांची कडा.

शंका घेणारे होते, पण त्यांचं तोंड गंगारामने बंद केलं. गंगाराम मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आला तो अजून परतला नव्हता. त्याला इंग्रजी येतं अशी गावाची समजूत, आणि ती मोडायचं कारण त्याला कधी पडलं नव्हतं. त्याने काचेजवळ जाऊन स्वतःच्या नावाची ओळ वाचली आणि घामाघूम होऊन परतला.

“खरा हाय,” तो म्हणाला. “पयलंच लिवलंय, बॅड. शेवटी नेम. नाव वाईट हाय म्हणतंय माजं.”

त्या दिवसापासून गंगाराम स्वतःला गंगाधर म्हणवून घेऊ लागला.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गोदा तांबे बाई ह्या गोष्टी ऐकून हसत. शेजारच्या रावजीची बायको मैना पुन्हा खोकताना ऐकली, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. मैनाला क्षय होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी ती बरीच सावरली होती. पाण्याचा हंडा पुन्हा कमरेवर घेऊ लागली होती.

“गोळ्या संपल्या काय गो?” बाईंनी कुंपणावरून विचारलं.

मैनाने मनगटावरची कागदाची पट्टी पदराखाली लपवली. उत्तर रावजीने दिलं.

“बंद केल्यान तिनं. मशिनीनं सांगितलान, औषध बाधतंय. गंडा बांधलाय. आता हळूहळू गुण येईल.”

“गुण येतोय तो मला भिंतीपलीकडून ऐकू येतोय, रावजी.”

रावजी चिडला नाही. दमलेल्या आवाजात म्हणाला, “बाई, दवाखान्यातला डाक्तर मान वर करून बघत पण नाय. महाराजांनी तिला बसवून नाव विचारलान, पाणी दिलान. मग माणसानं कुणाचं ऐकावं?”

रागाने तर रावजी आणखी लांब गेला असता. “उद्या तुमच्याबरोबर मीही येते,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खळ्यात त्यांचा नंबर आला तेव्हा त्या सरळ टेबलापाशी गेल्या. “महाराज, प्रश्न माझा आहे, टाइपही मीच करते.”

“स्पेलिंग चुकलं तर यंत्र कोपतं,” महाराज म्हणाले.

“मग मीच बरी. गावात स्पेलिंग तपासायचं काम माझंच आहे.”

गर्दी हसली. निम्म्या गर्दीने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. महाराजांना खुर्ची सोडावी लागली.

बाईंनी मैनाचं नाव लिहिलं. दिवा, घर्रर्र, आणि ओळ. ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम.’ त्यांनी ती मोठ्याने वाचली. मग महाराजांचं नाव लिहिलं. तीच ओळ. मग लिहिलं, राम. पुन्हा तीच.

“रामाला कशाची बाधा झाली, महाराज?” बाईंनी विचारलं.

“ह्याचे अर्थ गूढ असतात,” महाराज म्हणाले, पण त्यांचा हात शालीकडे गेला होता.

“रावजी, इकडे या. मनात येतील ती बटणं दाबा.”

रावजीला इंग्रजी अक्षरओळख नव्हती. त्याने भीतभीत चारदोन बटणं दाबली, मग मोठं बटण. देव खाकरला. रावजी काचेकडे बघत राहिला. वरची ओळ, खालची ओळ, पुन्हा वरची.

“ही तर तीच नक्षी हाय,” तो हळूच म्हणाला. “माज्या मैनाची आणि ह्या भलत्याची एकच?”

“सगळ्यांची एकच,” बाई गर्दीकडे वळल्या. “हे यंत्र हुकमाचं ताबेदार आहे. ठरावीक हुकूम शिकवलेत तेवढेच त्याला कळतात. दुसरं काही लिहिलं की ते आपल्या तबकडीत शोधतं. तो शोधण्याचा आवाज तुम्ही ऐकता. सापडलं नाही की म्हणतं, हुकूम चुकला किंवा हे नाव माझ्याकडे नाही. गंगाराम, तुझं नाव वाईट नाही. ते त्याला ठाऊक नाही, एवढंच.”

गंगाराम मान खाली घालून शेजारच्याला म्हणाला, “मी म्हटलंच होतं, पुढचं नीट दिसत नाय म्हणून.”

“पण त्रिकाळ दिसतो त्याला,” महिपत पडवीतून म्हणाला. त्याच्या घरची कोठी नारळांनी भरली होती.

“बघू या.” रत्नागिरीच्या शिक्षक शिबिरात बाईंनी एकदा कंप्युटर लांबून पाहिला होता, त्याची माहितीही ऐकली होती. चालू केल्यावर शिकवणाऱ्याने आधी त्याला तारीख सांगितली होती, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्यांनी ‘डेट’ असं लिहून बटण दाबलं. ह्या वेळी वेगळी ओळ आली.

“काय म्हणतंय?” चारी बाजूंनी विचारणा झाली.

“म्हणतंय, आज मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.”

मागून सुक्या बांगड्यांची म्हातारी म्हणाली, “अगो बाय, ऐंशीला माजा घोव जिवंत होता. त्याला इचार, खय ठेवलान ती विळी.”

हसण्याचा असा लोंढा आला की कोंबड्या काखांतून सुटल्या.

“आणि पुढे विचारतंय,” बाई आवाज चढवून म्हणाल्या, “खरी तारीख काय, ती तुम्हीच सांगा. आपण सांगू ते हे खरं धरणार. तुमचं उद्या सांगणाऱ्याला आज कोणता वार, ते तुम्हाला विचारावं लागतं. कंप्युटर चांगलीच वस्तू आहे. उद्या तो शाळेत येईल, तुमची पोरं चालवतील. लबाडी पेटीत नव्हती. पेटी खरंच बोलत होती; तिचं बोलणं वाचायला आपण दुसऱ्याला बसवलं, तिथं फसलो.”

हसणं ओसरेपर्यंत महाराज मागच्या दाराने सड्याच्या कातळमाळाची वाट चढू लागले होते. देव टेबलावरच राहिला.

सकाळी रावजी मैनाला घेऊन दवाखान्यात गेला. बाई सोबत होत्या. मधे औषध तोडल्याबद्दल डॉक्टर मैनावर रागावले आणि मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागले. रावजी जागचा हलला नाही.

“डाक्तर, ही गोळी पोटात जाऊन करते काय, ते सांगा. आणि मधेच सोडली तर काय होतं, ते पण. समजल्याबिगर मी आता कुणाचंच ऐकणार नाय.”

डॉक्टरांनी मान वर केली. रांग मोठी होती. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं, मैनाला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि समजावायला सुरुवात केली. रांगेतली माणसंही ऐकायला पुढे सरकली.