अब्दागिरे, तंजावर शाखा

त्यागराज अब्दागिरे यांनी पेनचं टोपण काढलं, फॉर्म हाताने सपाट केला आणि 'आडनाव लावणाऱ्या हयात व्यक्ती' या रकान्यात एकच नाव लिहिलं. स्वतःचं. मग खुर्चीत मागे रेलून ते त्या नावाकडे बघत राहिले.

"एक नाव लिवायला सकाळपासून बसलांत," स्वयंपाकघराच्या दारातून जयलक्ष्मी म्हणाल्या. "काफी थंड झाली."

"शाखेतलं शेवटचं नाव आहे हें. घाईनं लिवायचं नव्हे."

"शेवटचं म्हणून हार घालायचाय का त्याला?"

शेवटचं असण्यातही एक मान असतो, हे बायकोला कसं समजवायचं? साताऱ्याच्या मंडळींनी अब्दागिरे कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायला घेतली होती आणि तंजावर शाखेची माहिती त्यांच्याकडूनच मागवली होती. पहिली आवृत्ती त्र्याण्णव साली निघाली, तेव्हाही फॉर्म त्यांनीच भरला होता. घरात देवनागरी लिहिणारे-वाचणारे ते एकटेच. सर्व्हे खात्यातून निवृत्त झाल्यावर तर ते सरस्वती महाल ग्रंथालयात बसून मोडी कागदही वाचायला शिकले, आणि त्यातून घराण्याची थोडी पंचाईतच झाली. कुलवृत्तांताच्या पहिल्या पानावर मूळपुरुषाने रणात महाराजांचे प्राण वाचवल्याचं छापलं होतं. त्यागराजांना सापडलेल्या कागदात तो मिरवणुकीत अब्दागिरी धरून चालत होता, आणि ऊन फिरलं तरी छत्र न फिरवल्याबद्दल त्याची तक्रार झाली होती. आडनाव आलं ते या उन्हातून. सातारकरांना हे कळवलं तेव्हा त्यांनी आभार मानले आणि पुढे काही विचारलं नाही.

इथे तमिळ मुलखात आडनाव लावतं कोण? बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढे, मग स्वतःचं नाव, की झालं. एकेक घर करून अब्दागिरे असेच गळत गेले. त्यागराजांची मुलगी अमेरिकेत वासुकी त्यागराजन आहे. शाळेत घालताना त्यांनीच तसं लिहून दिलं होतं. वर्गातली पोरं अब्दागिरे या नावावरून चिडवतील म्हणून.

फाटक वाजलं. हातात हेल्मेट घेतलेली, चाळिशीची एक बाई पायरीशी उभी होती.

"त्यागराजमामा तुम्हींच की?"

आवाज ऐकून ते खुर्चीतून उठले. अशी मराठी आता या गल्लीतही कोणी बोलत नव्हतं. त्यांची आजी बोलायची तशी होती ती, शब्दांचे शेवट ओढून घेतलेली.

"मी हरिता. भामाची मुलगी. पापनाशमहून आलें."

बेचाळीस वर्षांत या घरात ते नाव कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. भामा त्यांची धाकटी बहीण. रामस्वामी नावाच्या शाळामास्तराबरोबर, जातीबाहेर, देवळात लग्न लावून ती निघून गेली, आणि वडिलांनी जिवंत पोरीच्या नावाने तिलांजली दिली. जयलक्ष्मी त्यानंतर या घरात सून म्हणून आल्या. नणंदेला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण आधी त्याच पुढे झाल्या.

"आत ये. बस. आई कशी आहे?"

"आई गेली, मामी. पंगुनी महिन्यांत. चार महिने झाले."

जयलक्ष्मींनी तिचा हात धरला तो सोडला नाही. त्यागराज टेबलाची कड धरून उभे होते. पापनाशम इथून पंचवीस किलोमीटर. सर्व्हेच्या कामासाठी ते तिथे कितीदा गेले होते, मोजपट्टी लावून शेतं मोजली होती. एकदा तर बसस्टँडवर भामा दिसलीही, कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी. तिचं लक्ष नव्हतं. समोर लागलेल्या बसमध्ये ते चढून बसले. बस कुंभकोणमला निघाली होती, त्यांना जायचं होतं तंजावरला.

"मी काहीतरी खायला आणतें," जयलक्ष्मी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि हिची ओटी भरायला हवी. पहिल्यांदा आजोळीं आलीय." त्या आत गेल्या.

हरिताने पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं. कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती. पानं हाताळून मऊ पडली होती.

"हें तुझ्याकडं कुठून आलं?"

"आईनं साताऱ्याला पत्र लिवून मागवलं होतं. मी लहान होतें." तिने एक पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "मामा, हें बघा. इथें आईबद्दल चुकीचं छापलंय."

बघायची गरज नव्हती. ते पान त्यांना पाठ होतं. 'भामा (बालपणीच वारली).' खालच्या ओळीत, 'शांभवी (बालपणीच वारली).' शांभवी खरंच गेली होती, चार वर्षांची असताना, तापाने.

"छापणाऱ्यांची चूक," त्यागराज म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. "खालची ओळ वर घातली त्यांनी."

"आईपण हेंच म्हणे." हरिताचा चेहरा उजळला. "तुम्हांला अण्णा म्हणे ती. तुम्हांला अण्णा म्हणे ती. अण्णा असं लिवणारच नाही, म्हणे. छापणाऱ्यानं शांभवीचं मला चिकटवलं. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हां सुधारतील, म्हणे. वाट बघत होती."

त्यागराज खाली बसले.

त्र्याण्णव सालच्या त्या फॉर्ममध्ये मुलींसाठी तीन रकाने होते: नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. सातारची मंडळी प्रकाशनासाठी तंजावरला येणार होती, त्यागराजांच्या हस्ते पुस्तक निघणार होतं. तीन रकाने भरायचे म्हणजे सगळं चव्हाट्यावर आलं असतं. वडील असते तर त्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई त्याच्याही आधी गेली होती. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी विचारलंदेखील नाही. दुपारी याच टेबलाशी बसून, चाळिशीला आलेल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाने वळणदार अक्षरात दोन शब्द लिहिले आणि तीन रकाने वाचवले. लाज वाटली ती पुष्कळ नंतर, आणि वाटून काय उपयोग होता?

"पण तुला या आवृत्तीचं कसं कळलं?"

"सातारच्या शिवराज सरांना माझं नाव नेटवर सांपडलं. तंजावर जिल्ह्यांत अब्दागिरे म्हटल्यावर त्यांनी मेसेज केला."

"तुझं नाव?"

"हरिता अब्दागिरे." तिने शाळेचं ओळखपत्र पुढे केलं. ती सरकारी शाळेत गणित शिकवत होती. "मोठ्या दादाच्या पासपोर्टाला आडनाव पाहिजे होतं. अप्पांना तर आडनावच नाही. अप्पा म्हणाले, भामा, तुझ्याकडं एक आहे की, तें घाल. मग सगळ्यांनाच घातलं. आम्हीं चौघं आणि आमचीं पोरं पांच. शिवराज सर म्हणाले, या वेळीं नियम असाय की जो आडनाव लावतो तो मोजायचा."

नऊ. त्यागराजांनी टेबलावरचा आपला फॉर्म हळूच वर्तमानपत्राखाली सरकवला. ज्या पोरीला घराण्यातून काढलं तिनेच ते नाव पोराबाळांना पुरवलं होतं, आणि त्यांनी स्वतःच्या मुलीच्या दाखल्यावरून ते पुसलं होतं. त्यांना रडावंसं वाटलं, पण या पोरीसमोर रडायचा हक्क आपल्याला नाही असंही वाटलं.

"आमचीं नांवं सर घालतील," हरिता म्हणाली. "आईची ओळ मात्र ज्यानं माहिती दिली त्याच्याच सहीनं बदलते, म्हणाले. कारण लिवायला लागतं." तिने दुरुस्तीपत्रकाच्या दोन कोऱ्या प्रती काढल्या. "एक चुकली तर दुसरी असूं दे म्हणून आणलीय."

त्यागराजांनी पेन घेतलं. नाव: भामा रामस्वामी. मृत्यूची तारीख हरिताने सांगितली, ती लिहिली. मग दुरुस्तीचं कारण. पेन थोडं थांबलं. हिला कुठे वाचता येणार आहे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी लिहिलं: 'पूर्वीची नोंद हा मुद्रणदोष होता.' सही केली.

हरिताने कागद उचलला आणि ओळीखाली बोट धरून, अडखळत, मोठ्याने वाचला. "पूर्वीची नोंद हा... मु... मुद्रणदोष होता."

"तुला बालबोध वाचतां येतं?"

"चौघांनाही येतं. आईनं शिकवलं. घरीं मराठी पुस्तक हें एकच."

"यावर शिकलांत?"

"रोज एक पान. हें पान आलं की आई म्हणे, ही ओळ चुकीची छापलीय, पुढची वाचा." हरिता किंचित हसली. "मूळ फॉर्म साताऱ्याला अजून जपून ठेवलाय म्हणे. फोटो पाठवूं का, विचारत होते सर. मी नको म्हटलं."

"कां?"

"आईनं शपथ घातलेली. मी गेल्यावर पुस्तक सुधारून घ्या, म्हणाली, पण मूळ कागद कुणीं मागवायचा नाही."

भामाला ठाऊक होतं. पुस्तक हातात पडलं त्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिने छापणाऱ्याच्या माथी मारून भावाला वाचवलं होतं. त्याच्या पाठीमागे, स्वतःच्या मुलांपुढे, आपणच मेल्याची ओळ दर खेपेला बोटाखालून घालवत. ती बसस्टँडवर दिसली तेव्हा नुसती हाक मारायची होती. भामा, एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी दुसरी प्रत पुढे ओढली. अक्षर वेडंवाकडं आलं. 'ती नोंद मुद्रणदोष नव्हती. बहीण हयात आहे हे ठाऊक असताना मी ती माझ्या हाताने लिहून दिली.' सही करून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

ही प्रत हरिताने मनातल्या मनात वाचली. वाचून झाल्यावरही तिचं बोट शेवटच्या शब्दाखाली बराच वेळ तसंच होतं. आत जयलक्ष्मी डबे उघडत-झाकत होत्या.

"हें छापतील?" तिने विचारलं.

"छापायलाच पाहिजे. मी शिवराजला फोन करतों."

तिने तो कागद पालथा केला आणि त्यांच्या गार कॉफीचा पेला उचलून त्यावर ठेवला.

"नको, मामा."

"पण खरं तें हेंच आहे."

"आईनं तीस वर्षं कुणाला कळूं दिलं नाही. अप्पांना नाही, आम्हांला नाही. तें मी पुस्तकांत छापूं?" तिने पेल्यावरचा हात काढला नाही. "तुम्हांला ठाऊक आहे, मला आज कळलं. तेवढं पुरे."

पहिला कागद घडी करून तिने पुस्तकात ठेवला. त्यागराजांना माफ कर म्हणायचं होतं, पण ज्या माणसाला म्हणायचं ते माणूस इथे नव्हतं.

जयलक्ष्मी ताट घेऊन आल्या. त्यांनी हरिताला कुंकू लावलं, नारळ, तांदूळ आणि कपाटात जपून ठेवलेला नवा ब्लाउजपीस तिच्या पदरात घातला. जेवून जा म्हणाल्या. हरिताने शाळेचं कारण सांगितलं, दोघांना वाकून नमस्कार केला, आणि त्यागराजांच्या पायांशी ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग हेल्मेट घालून निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटरचा आवाज येत होता.

"किती गोड पोर," जयलक्ष्मी म्हणाल्या. "आणि आपण इतकीं वर्षं काय केलं हो?" उत्तराची वाट न बघता त्यांनी टेबल आवरायला घेतलं. पेला उचलला तसा खालचा कागद दिसला. त्यांनी तो उलटला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला. बालबोध अक्षर त्यांना लागत नव्हतं. "अय्यो, हा इथेंच विसरली ती. फोन करा तिला. काय लिवलंय यांत?"

त्यागराजांनी हात पुढे करून कागद मागून घेतला.

"तेंच," ते म्हणाले. "छापणाऱ्यांची चूक."