माळीमामांचा अंगठा आणि माझा पारा

"आधी पाच मिनिटं निवांत बसव, मगच पट्टा बांध. आणि पारा हळू उतरव." थोरली सिस्टर धाकटीला शिकवत होती, तेव्हा माझी काच कोरी करकरीत होती. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. कारागिराने माझ्या नळीवर रेघा आखल्या, पोटात पारा भरला आणि दवाखान्याच्या खिडकीपाशी मला जागा मिळाली. "याचा आकडा कधी खोटा नसतो," असे कौतुक मी पुष्कळ ऐकले.

दवाखान्याची बाग राखणारे माळीमामा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासायला येत. माझा पारा शहाण्यासारखा बेताने राही आणि मामांची छाती फुगे. एका गुरुवारी मात्र ते बोटात रुतलेला काटा काढून घ्यायला आले. धाकट्या सिस्टरने त्यांना बसवले, सहज पट्टा बांधला. पारा एकशे नव्वदला भिडला.

"मामा, रक्तदाबाची गोळी घेतली का?"

"आज कुठे तपासणी आहे? तपासणीच्या दिवशी न चुकता घेतो की!"

"म्हणजे परीक्षेपुरता अभ्यास!"

तिने लघवी तपासायला पाठवली. त्यात प्रथिने सापडली. वाढलेल्या दाबाने मामांची मूत्रपिंडे झिजू लागली होती.

"शरीरात अँजिओटेन्सिन नावाचं पेप्टाइड तयार होतं, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा," सिस्टर म्हणाली. "ते रक्तवाहिन्या आवळतं. जखमेतून फार रक्त गेलं, तर तेच जीव सावरतं. पण उगीच आवळत राहिलं तर? तुम्ही पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलंत, की काय होतं?"

"नळापाशी जोड निसटतो," मामा पुटपुटले.

"तुमची ही गोळी ते पेप्टाइड फारसं बनू देत नाही. अंगठा उचलते म्हणा ना. पण घ्याल त्याच दिवशी."

मामांनी आपला अंगठा निरखून पाहिला. "रोज घेईन, पोरी. नळ सोडायच्या आधी."

आता माझ्या जागी बॅटरीवरचे यंत्र आले आहे. मी बंद पेटीत नाही, खिडकीजवळच्या फळीवर उघडे आहे, एवढेच. तक्रार नाही. मित्रांनो, मी फक्त त्या घडीचा आकडा सांगत असे. मधल्या दिवसांची काळजी ज्याची त्यानेच घ्यायची असते.

आज बुधवार. खिडकीतून बाग दिसते. मामा पाइप खांद्यावरून खाली ठेवतात, खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपतात आणि नळाकडे न जाता पाण्याच्या माठाकडे निघतात.