ताईसाठी ठेवलेला दात

ताई दवाखान्यातून सुटून घरी न जाता थेट कार्यशाळेत येणार होती, आणि इकडे धाकटीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

दोघी बहिणी एकाच संग्रहालयात. ताई संशोधक, धाकटी दगडातून जीवाश्म मोकळे करणारी. ताईने उभा जन्म एका नामशेष माशाच्या कुळापायी घालवला. या माशांचे जुने दात पडतच नसत. नवे आले की ते गुंडाळलेल्या मोजपट्टीसारखे आत वळत. सांगाडा कूर्चेचा, म्हणजे नाकाच्या शेंड्यासारख्या मऊ हाडाचा; तो कुजून जायचा, मागे फक्त दात उरायचे. ही गुंडाळी वरच्या जबड्यात की खालच्या, यावरून ताई खात्यातल्या सगळ्यांशी भांडली होती. ती म्हणे खालच्या. पण जबडा हाती आल्याशिवाय तिचं ऐकतो कोण?

"या बाबाने एक दात टाकला नाही, आणि माझ्या दाढा बघ," असं ती हसायची.

ती आजारी पडली तेव्हाच या माशाचे दात असलेला नवा दगड आला. "घाई करू नकोस गं," तिने बजावलं होतं. पण धाकटीला तिला चकित करायचं होतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने तिने सगळं खरवडून दात लख्ख केले. शेवटचा तेवढा ताईच्या हातून व्हावा म्हणून ठेवला.

आज सकाळी तिने त्याच्यावर सहज भिंग धरलं. दाताला चिकटलेला थर दगडाचा नव्हता. साखरेसारखे कोनदार कण एकमेकांना खेटून बसले होते. ही न कुजता टिकलेली कूर्चा होती, म्हणजे जबडा. बाकीच्या जबड्याचा तिने स्वतःच्या हाताने भुगा केला होता. धूळ ओढणाऱ्या यंत्राची पिशवी फाडून तिने तो चाळला, धुतला, रडत रडत पुन्हा चाळला. सगळं पीठ झालं होतं.

ताई आली. वाळून नुसती काटकी झाली होती. दात बघून तिचे डोळे भरून आले.

"सोन्याचे हात गं तुझे! आणि हा माझ्यासाठी ठेवलास होय, लबाडे?"

भिंग न घेताच तिने सुई उचलली. धाकटीच्या मनात आलं, हा थर ताईनेच उडवला तर कुणाला कधीच कळणार नाही. या विचाराची तिला स्वतःचीच किळस आली. सुई गुरगुरत दातापाशी पोचली.

"ताई, नको!" तिने मनगट धरलं. "जबडा आहे तो."

ताईने भिंग लावलं, आणि लहान मुलीसारखी हसली. "जबडाच गं! थांब, कड कुठे वळते बघू. आता कळेल वरचा की खालचा."

भिंग पुढच्या दातावर सरकलं. मग त्याच्या पुढच्या. हसू ओसरत गेलं.

"इथला कुठे गेला?"

धाकटीने भुग्याची चाळणी पुढे केली.