बाबांच्या खोलीचा आवाज

माझ्या धाकट्या भावाने बाबांचं मरण स्पीकरवर लावलं आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ये म्हणून मला निरोप धाडला. न्यायला यायला त्याला सवड नव्हती. कलाकार माणूस.

दालनात अंधार होता, मधोमध एक रिकामी खाट. दारावर पाटी: ‘जागा, श्वास आणि माणसाचं असणं’. चारी भिंतींतून बाबांचा श्वास येत होता, मागे ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. शेवटच्या आठवड्यात हा पाहुण्यासारखा आला, खोलीत माइक चिकटवले आणि गेला. बाबांची कूस बदलायलासुद्धा थांबला नाही. मी वर्षभर त्याच खोलीत जमिनीवर झोपले होते.

मग बाबांची हाक आली. “आहेस का गं?”

मी माझ्या उत्तराची वाट पाहिली. दरवेळी मी “आहे, बाबा, इथेच आहे” म्हणायचे आणि मगच ते डोळे मिटायचे. स्पीकरमधून नुसता श्वास आला. पुन्हा हाक, पुन्हा कोणी नाही.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई रुमालाने डोळे टिपत नवऱ्याला म्हणाल्या, “शेवटपर्यंत हाका मारत राहिले बिचारे. मुलगी फिरकली नाही वाटतं. असतात अशा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाला कोपऱ्यात गाठलं.

“माझा आवाज कुठे गेला?”

“ताई, इथे नको.”

“कुठे गेला?”

“काढला. गोंगाट काढतात ना, तसा. तू बोललीस की ते घरातलं नेहमीचं बोलणं वाटायचं. मला फक्त एकटा माणूस आणि त्याची खोली हवी होती.”

“ते एकटे नव्हते.”

“मला माहीत आहे गं. पण ही कला आहे, पंचनामा नाही.”

“तुझी कला तुला लखलाभ. मला मूळ रेकॉर्डिंग दे.”

“नाही राहिलं. आवाज साफ केला तो मूळ फाइलवरच सेव्ह झाला.”

बाबांशी माझं शेवटचं बोलणं याने पुसून टाकलं होतं, आणि वर मला पाणी हवंय का विचारत होता. मला रडू येत होतं, पण याच्यासमोर रडायचं नव्हतं.

मी मधोमध जाऊन खाटेवर बसले. रखवालदार म्हणाला, कलाकृतीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, चादर माझ्या कपाटातली आहे, न विचारता आणलेली.

“आहेस का गं?”

“आहे, बाबा,” मी मोठ्याने म्हणाले. “इथेच आहे.”

लोक माना वळवून बघायला लागले. त्या बाईंनी रुमाल खाली घेतला. भाऊ धावत आला आणि दातओठ खात कुजबुजला, “सगळ्याचं वाटोळं करतेयस. किती वेळ बसणार आहेस?”

“प्रदर्शन कधीपर्यंत आहे?”

“महिनाअखेरपर्यंत.”

“मग सकाळी दार किती वाजता उघडता, तेवढं सांग.”