कडक भाकरीचा प्रयोग

"पिरेऽऽ, ए पिरेऽऽ, भाकर निवतीया गंऽऽ!"

ही हाक सांगोल्याकडच्या माळावर ओढ्याच्या अलीकडून निघायची आणि पलीकडच्या टेकाडाला टेकून परत यायची. मेंढरं माना वर करायची, कुत्रं कान टवकारायचं आणि बाभळीखाली खेळणारी पिरी फ्रॉक सावरत धावत सुटायची. केराबाईचा गळाच तसा. ही पोर कुणाची, ते सगळ्या माळाला कळायचं. पिरीला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं!

आता पिरीची प्रियदर्शनी झाली होती, सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वडील मेंढरांमागं माळावरच राहिले. केराबाई लेकीच्या शिक्षणापायी शहरात आली, आणि भाड्याच्या एका खोलीत दोघींचा संसार लागला. रोज सकाळी केराबाई शेळगीतल्या एका कडक भाकरीच्या कारखान्यात थापायला जायची आणि प्रियदर्शनी कॉलेजला. कॉलेजात कुणी विचारलं, की ती सांगायची, "आई गावाला असते." पहिल्या वर्षी कुणाच्या तरी गाडीतून उतरणाऱ्या मम्मीकडं बघत हे एकदा तोंडून गेलं, आणि मग ते सांगतच राहावं लागलं. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं, की घशात अडकेनासं झालं.

त्या सत्रात विरुपाक्ष सरांनी जोड्या लावल्या आणि प्रोजेक्ट निवडायला सांगितलं. काम असं, की आपलं आपण तापमान, पातळी नाहीतर वेग सांभाळणारं एक यंत्र घ्यायचं आणि त्यावर संख्याशास्त्राच्या रीतीनं प्रयोग आखायचा. उगाच एक बटण फिरवून बघायचं नाही. फरक कशाकशानं पडतो ते आधी ठरवायचं, ते ते कमीजास्त करून बघायचं, आणि कुठली चाचणी आधी, कुठली नंतर, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे आपल्या मनाचा कल त्यात शिरत नाही.

"आणि जे तुमच्या हातात नाही, पण निकालात लुडबूड करतं," सर म्हणाले, "तेसुद्धा प्रामाणिकपणे लिहायचं. लपवलंत, तर प्रयोग तुमच्याशी खोटं बोलतो."

प्रियदर्शनीच्या जोडीला संगमेश आला. उंच, बडबड्या, स्वतःच्याच विनोदाला आधी हसणारा.

"आपण लॅबमधली पाण्याची टाकी घेऊ," ती म्हणाली. "पातळी कंट्रोल करायची. सोपं आहे."

"टाकी? दरवर्षी कुणीतरी त्याच टाकीत बुडतंय की गं! त्यापेक्षा आमच्या घरचा ड्रायर घेऊ. कडक भाकरीचं युनिट आहे आमचं, शेळगीत. अव्वा, म्हणजे आई, चालवते. भाकऱ्या वाळवायचं कपाट आहे, कॉइल, फॅन, सेन्सर, सगळं. पण सकाळच्या भाकऱ्या तडकतात आणि दुपारच्या मऊ राहतात. अव्वा त्या मशीनला रोज कन्नडमधून शिव्या देते."

शेळगी. कडक भाकरी. मशीनला कन्नडमधून शिव्या देणाऱ्या ज्या मालकीणबाईंच्या गोष्टी आई रोज सांगते, ज्यांना ती 'वैनी' म्हणते, त्या सिद्धेश्वरीबाई म्हणजेच ह्याच्या अव्वा, हे तिला त्या क्षणी कळलं.

"भाकरीवर प्रोजेक्ट?" ती हसली. ते हसू तिचं तिलाच परकं वाटलं. "बाहेरचे परीक्षक हसतील आपल्याला. इंजिनिअर आहोत का आचारी?"

संगमेशचा चेहरा उतरला. "भाकरीची लाज वाटते का तुला?"

सरांपुढं दोन्ही विषय गेले, आणि सरांनी पाण्याच्या टाकीकडं बघितलंसुद्धा नाही.

ज्या दिवशी शेळगीला जायचं होतं, त्या सकाळी केराबाई वेणी घालत बसली होती.

"आय, आज रजा घे की."

"का गं?"

"असंच. कंबर दुखती म्हणत होतीस."

"कंबर काय आजच दुखती व्हय? आन् आज कशी रजा मिळंल? वैनींचा ल्योक कालेजातली मानसं आननार हाय, मशिनीची तपासनी करायला. वैनी म्हनाल्या, केराबाई, तुमच्याच हातच्या लावायच्या, तुमच्यासारक्या एकसारक्या कुनाच्या हुत न्हाईत." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. "तुज्याच कालेजातली हायत का गं ती?"

"सोलापुरात कॉलेजं काय कमी आहेत?" प्रियदर्शनी म्हणाली आणि पाठ फिरवून बॅग भरू लागली.

कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेल्या दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत बायका ओळीनं बसून थापायच्या, तव्यांची धग भिंतींना चिकटलेली, हवेत भाजल्या तिळाचा वास. मागच्या खोलीत ते वाळवणीचं कपाट घुमत होतं.

केराबाई दाराकडं तोंड करूनच बसली होती. संगमेशच्या मागून येणारी मुलगी तिला दिसली आणि तिचं सगळं तोंड फुललं. ओठ उघडले, पहिलं अक्षर ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात प्रियदर्शनीनं मान खाली घातली आणि हातातल्या जाडी मोजायच्या व्हर्निअरशी उगाच चाळा सुरू केला.

केराबाईनं लेकीकडं बघितलं. सकाळची ती रजा, ती फिरवलेली पाठ, सगळं तिला एका दमात उमगलं असावं. उघडलेले ओठ तिनं मिटले, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली,

"या, बाई."

नऊ महिने पोटात ठेवलेल्या लेकीला बाई! प्रियदर्शनीला वाटलं, तव्याखालची सगळी धग आपल्या गालांवर आली.

सिद्धेश्वरीबाई मोकळ्या स्वभावाच्या. "बस गं बाळ. ह्या आमच्या केराबाई. ह्यांची पोरगीसुद्धा शिकती हो. काय शिकती ओ केराबाई?"

जिला लेकीच्या प्रत्येक पेपरची तारीख पाठ असायची ती केराबाई पिठात बोटं घालत म्हणाली, "शिकती आपली कायतरी, वैनी. मला न्हाई त्यातलं कळत."

संगमेशनं चिठ्ठ्या टाकल्या. कधी आच जास्त आणि फॅन कमी, कधी उलटं. भाकरी मात्र सगळ्या एकाच हातच्या आणि एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर फरक मशीनचा की हाताचा ते कळायचं नाही. म्हणून प्रियदर्शनीनं थापणारीसमोर उभं राहून प्रत्येक भाकरीची जाडी मोजायची, आणि संगमेशनं मागं कपाट सांभाळायचं.

केराबाई थापू लागली. एरवी तिचा हात परातीवर असा फिरायचा, की जात्याबरोबर ओवी फिरावी. आज बोटं अडखळत होती. एक कड जाड, दुसरी इतकी पातळ की खालची परात दिसावी. भाकरी उचलताना फाटली. तिनं ती गोळा करून पुन्हा मळली. वर मात्र एकदाही बघितलं नाही. प्रियदर्शनी जाडी मोजून खालमानेनं आकडे लिहीत होती.

मध्येच संगमेशनं हाक मारली, "ये गं, हा सेन्सर धर जरा," म्हणून ती मागं गेली. तेवढा एक घाणा केराबाईनं एकटीनं थापला आणि शेजारणीनं आत पोचवला; त्याची जाडी तिथंच मोजली गेली. प्रियदर्शनी पुढं आली, तसे हात पुन्हा अडखळले.

शेवटी संगमेशनं लॅपटॉप गुडघ्यावर घेतला आणि कपाळ चोळलं. "काय उपयोग नाही. जाडीच सगळी हललीये. एक मधला घाणा बघ कसा सुरेख आलाय, एका मापाचा. बाकी सगळे वाया. आणि परवा मी एकट्यानं मोजल्या तेव्हा मावशींच्या भाकऱ्या छापल्यासारख्या होत्या की!"

"काय करलालास रे संगू, सकाळपासून पिठाची नासाडी?" सिद्धेश्वरीबाई आत आल्या. फाटक्या भाकऱ्यांचा ढीग बघून त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज जास्त बोचरा होता. "केराबाई, काय झालं ओ तुमाला? बाहेरच्या माणसांपुढं असं? राहू द्या. उद्यापासून तुमी पॅकिंगला बसा. थापायला चंद्रिकाला बसवते."

ओळीतल्या बायकांचे हात थांबले. भाकरी थापणं हा त्या खोलीतला मान होता. पॅकिंगला नवख्या बसायच्या, नाहीतर हाताचं वळण गेलेल्या.

केराबाई उठली. "व्हय वैनी. हात ऱ्हायला न्हाई आता पयल्यासारका." ती नळाकडं गेली आणि बोटांत वाळलेलं पीठ धुऊ लागली. पाणी पडत राहिलं, पीठ सुटेना, ती घासत राहिली. लेकीनं तिला ओळख दिली नव्हती, आणि आता दोष स्वतःकडं घेऊन ती लेकीला अलगद सोडवत होती.

संगमेश हळूच म्हणाला, "चला, सोपं झालं. दुसऱ्या बाई घेऊन परत करू. रिपोर्टमध्ये लिहू, थापणारीमुळं चूक."

प्रियदर्शनी पडद्यावरच्या आलेखातल्या ठिपक्यांकडं बघत होती. मधला तो एकच घाणा, एकाला एक लागून बसलेल्या मेंढरांसारखा शांत. त्याच्या अलीकडं पलीकडं नुसती पांगापांग. हे ठिपके काय सांगतात, ते त्या खोलीत दोनच माणसांना कळलं असतं, आणि त्यातलं एक माणूस पाठमोरं उभं राहून हात धूत होतं.

"तसं लिहू नको," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"एक गोष्ट आपण धरलीच नाही. तो चांगला घाणा थापला तेव्हा मी आत होते, तुझ्याजवळ. परवाही मी नव्हते. मी समोर आले की बिघडतंय."

संगमेश हसला. "तू काय कमीजास्त होणारं व्होल्टेज आहेस का?"

ती हसली नाही. सिद्धेश्वरीबाई थांबून बघत होत्या, बायका बघत होत्या. नळापाशी केराबाईनं मान वळवली आणि डोळ्यांनीच, ओठ न हलवता, नको म्हणाली. नको गं पोरी, कशाला.

प्रियदर्शनी नळाकडं गेली, नळ बंद केला आणि ते ओले, पिठाळ हात आपल्या हातात धरले.

"काकू, ह्यांना थापायचं सोडून उठवू नका. ह्यांचा हात गेला नाही. मी आल्यापासून ह्यांना ओळख दिली नाही, म्हणून तो अडखळला. कॉलेजात मी सांगत आले, आई गावाला असते. खोटं सांगत आले." तिचा आवाज फुटला आणि शहरात आल्यापासून चारचौघांत घडी घालून ठेवलेली बोली त्यातून बाहेर आली. "ही माजी आय हाय."