सरासरी चौदा टक्के

टनामागे दोन हजार सुटणार होते. मका सातशे टन, म्हणजे सरळ चौदा लाख. ते अर्थातच मालकाचे. खरेदीवाल्याच्या वाट्याला येणार होती खरेदीप्रमुखाची खुर्ची आणि काचेची केबिन. शिवाय 'आता तरी' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं बायकोला कायमची गिळावी लागणार होती. या शेवटच्या बाबीची किंमत कुठल्याही कागदावर लावता येत नाही, पण त्याच्या मनात तीच सगळ्यांत वर होती.

कोंबडीखाद्याच्या त्या गिरणीत तो अकरा वर्षं मका आणि सोयापेंड घेत होता. सगळे त्याला 'तेजी' म्हणत, कारण मंदी येणार असं त्याने अकरा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. या खेपेला मात्र त्याचा हिशेब पक्का होता. समुद्रापलीकडे साथीने ओस पडलेले डुकरांचे वाडे पुन्हा भरत होते. आणखी कुठे कुठे, आठवड्यातून एकदा मांस खाणारी माणसं पगार वाढल्यावर तीनदा खायला लागली होती. ती डुकरं, त्या कोंबड्या काही हवा खाऊन वाढणार नव्हत्या.

"लोकांच्या ताटात काय पडतंय ते बघा साहेब," तो मालकाला म्हणाला, "मक्याचा भाव आपोआप कळतो."

"आणि लोक उद्या पालेभाजीवर आले तर?"

"ज्याला एकदा परवडलं, तो आपणहून मागे फिरत नाही."

मालकाने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि सही केली.

आठ दिवसांत सातशे टन उचलायचे होते. बाजारात कोरडा मका होता जेमतेम निम्मा. बाकीचा नुकताच काढलेला, अंगात पाणी असलेला. गिरणीचा नियम साधा होता: ओलावा चौदा टक्क्यांपर्यंत असेल तरच ट्रक आत. फाटकाशी पोत्यात परखी, म्हणजे ती पोकळ टोकदार सळई, खुपसून दाणे काढायचे आणि मीटरमध्ये घालायचे, हे काम एका बाईचं. तिला सगळे मीटरबाई म्हणत.

"सतरा," चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली. "परत पाठवते."

"थांबा, थांबा. सकाळचे ट्रक किती होते?"

"अकरा."

"मग झालं की! अकरा आणि सतरा, सरासरी चौदा. चौदा चालतं."

"साहेब, तुमचा नि माझा पगार मिळून सरासरी काढली, तर मलाही बरा मिळतो. फक्त महिनाअखेरीला हातात येत नाही."

तेजी मनापासून हसला. मग म्हणाला, "द्या इकडे, सही मी करतो."

तेव्हापासून दिवसभराच्या ट्रकांची मिळून एकच नोंद व्हायला लागली. कागदावर रोज चौदा. थप्पीत मात्र सतराचं पोतं सतराच राहिलं, आणि शेजारच्या अकराच्या पोत्यालाही आपल्या वळणावर नेऊ लागलं.

भाव चढला. पाचव्या दिवशी सातशेने, आठव्या दिवशी तेराशेने. तेजीला आनंदाने एका जागी बसवेना. घास हातात, डोळे फोनवर. बायको म्हणाली, "आता तरी जेवा." त्याने तेही ऐकलं नाही. खुर्चीत बसला की गोदामात जावंसं वाटे, गोदामात गेला की फोनला रेंज नसे, म्हणून पुन्हा बाहेर.

बाराव्या दिवशी असाच गेला असताना त्याने दोन पोत्यांच्या फटीत हात घातला. कोपरापर्यंत. ताप आलेल्या माणसाच्या काखेत घालावा तसा चटका बसला. हात बाहेर काढून त्याने वास घेतला आणि आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं.

थप्पी फोडून मका वाळवायचा, तर डिझेल, मजुरी आणि मालकाचा एक प्रश्न. तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग पडली असती. त्याने मका दळायला काढला.

मीटरबाईने मूठभर दाणे त्याच्या टेबलावर ठेवले. टोकांशी हिरवट. "खाद्य शिजवतानाच्या वाफेने बुरशी मरते साहेब. तिने सोडलेलं विष मरत नाही."

"एकास चार मिसळा. चांगल्या मक्यात."

"आणि चांगला कोणता, ते कोणी सांगायचं? नोंद तर एकच आहे."

तेजी फोन वाजल्यासारखा उठला.

चार दिवसांत माल आठ गिऱ्हाइकांकडे रवाना झाला. यादी त्याने नंतर वाचली. तिसरी ओळ त्याच्या थोरल्या बहिणीची होती. तिच्या दोन शेड होत्या, नऊ हजार कोंबड्या. विकायला दहा दिवस उरले होते. त्याने फोन लावला.

"ताई, या खेपेचं खाद्य उचलू नकोस."

"उचललं की! तूच म्हणालास ना, भाव चढणार, भरून ठेव? बावीस टन उतरवून घेतलं परवा."

"घातलंस?"

"नाही, शोकेसमध्ये मांडून ठेवलंय! अरे, घालायलाच घेतलं ना? पण कालपासून तोंड वळवतायत मेल्या. मला वाटलं, उकाड्याने. ...का रे?"

तो तासाभरात शेडवर पोचला. नेहमी आत शिरलं की कोंबड्यांच्या आवाजात आपलंच बोलणं ऐकू येत नसे. त्या दिवशी येत होतं. ताई खाद्याची भांडी उपडी करत होती. त्याने सगळं सांगितलं.

"आणखी कोणाकोणाला गेलंय?"

"सात जणांना."

"त्यांना सांगितलंस?"

"ताई, सोमवारी केबिनचं पत्र निघतंय. तुझं नुकसान मी भरून देतो. बाकीच्यांना माल थोडा थोडाच गेलाय, तसं सरासरीने बघितलं तर—"

"फोन काढ."

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"त्यांच्यात तुझी कोणी बहीण नाही, म्हणून त्यांच्या कोंबड्या मरू द्यायच्या? मला कळलंय आणि त्यांना नाही, हे घेऊन मला घास जाणार नाही. काढ."

त्याने फोन केले, उभ्याउभ्याच, शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत. चौथ्याने आईवरून शिवी दिली. सहाव्याने आभार मानले. ते जास्त लागलं. सातव्याने विचारलं, "हे तुम्ही गिरणीतर्फे सांगताय, की स्वतःहून?" तेजीने येरझारा थांबवल्या. मग म्हणाला, "स्वतःहून." ताई तोवर मेलेल्या कोंबड्या एका बाजूला ओढत होती.

मालक चिडला नाही. "तुझा अंदाज बरोबर निघाला रे, एकवीसशेने चढला," तो म्हणाला. "उरलेला ओला मका मी मद्याच्या कारखान्याला विकला. त्यांना चालतो. चोथा ते जनावरांसाठी विकतात, तो त्यांचा प्रश्न. तुझी चूक मक्यात नव्हती, त्या सात फोनांत होती. उद्यापासून येऊ नकोस."

परत आलेलं खाद्य आणि गिऱ्हाइकांना दिलेली सूट वजा जाता गिरणीला साडेअकरा लाख सुटले. केबिन गिरणीचं भांडार सांभाळणाऱ्याला मिळाली. सही तिची नसल्यामुळे मीटरबाई फाटकावर राहिली. दूरच्या शहरांतल्या ताटांत एक तुकडाही कमी पडला नाही. सात गिऱ्हाइकांनी खाद्य वेळेवर थांबवलं. त्यांच्या मिळून सहाशे कोंबड्या गेल्या. ताईच्या शेडमध्ये अकराशे चाळीस मेल्या, उरलेल्या प्रत्येकीचं वजन तीनशे ग्रॅम कमी भरलं, आणि कोंबडीला कधी नव्हे इतका भाव असलेल्या त्या आठवड्यात तिने दोन्ही शेड तोट्यात रिकाम्या केल्या. या नुकसानीपोटी तेजीने फक्त नोकरी भरली. बाकी सगळं ताईने.